सहावा प्रश्न

८ सप्टेंबर

माननीय उमेदवार,

आपण नगराध्यक्षपदासाठी उभे आहात. शहराला लागणारी वीज यापुढे कशापासून मिळवावी आणि तिचे हवा, पाणी व जमीन यांवर काय परिणाम होतील, याबद्दल रिंगणातल्या तिन्ही उमेदवारांना आमचे दैनिक पाच प्रश्न विचारत आहे. वीज कशापासून? धूर किती आणि कुठे? नदीच्या पाण्याचे काय होईल? जमीन कोणती लागेल? वीज केंद्राच्या मागे साठलेल्या राखेचे काय करणार? उत्तरे लेखी हवीत. फोनवर, सभेत किंवा चालता चालता दिलेली उत्तरे धरली जात नाहीत. उत्तर न आल्यास रकान्यात 'उत्तर आले नाही' असे छापले जाईल.

सहसंपादक

*

दादा,

वरच्या पत्राची प्रत फाइलला लागते, म्हणून हे वेगळ्या कागदावर.

हे काम माझ्याकडे यायला नको होतं. तू अर्ज भरलास त्याच दिवशी मी संपादकांना सांगितलं की तिघांपैकी एक माझा सख्खा भाऊ आहे, या उत्तरांचा तक्ता दुसऱ्या कोणाला द्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, दुसरं कोण आहे? खरंच कोणी नाही. कोर्टाच्या बातम्या करणाऱ्याला टर्बाइन आणि पंखा यातला फरक कळत नाही आणि मागच्या वेळी मला मदत करणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे. शेवटी असं ठरलं की मी पत्रं पाठवायची आणि पान लावायचं. उत्तरांना गुण नेहमीप्रमाणे बाहेरचे तीन वाचक देतील, आणि उत्तर कोणाचं ते त्यांना कळणार नाही.

लहानपणी तू मला फूटपट्टी म्हणायचास. आता त्या फूटपट्टीने तुला मोजायची वेळ आली, तर ती माझ्या हातात नाही. तुला बरं वाटेल म्हणून सांगितलं.

चार वर्षांनी तुला लिहितेय. तब्येत विचारत नाही, भिंतीभिंतीवर तुझा फोटो आहे, बरी दिसते.

धाकटी


१५ सप्टेंबर

दादा,

तुझं जाड पाकीट मिळालं. त्याला बाहेरून जोडलेलं पत्र 'माननीय संपादक महोदया' असं सुरू होतं आणि 'आपला विश्वासू' असं संपतं. मधे एकही ओळ घरची नाही. मी ते दोनदा वाचलं, कुठे चुकून काही सुटलंय का बघायला. सुटलेलं नाही. तू पहिल्यापासून नीटनेटका.

पाकीट मी उघडलं नाही, तोही नियमच आहे. ते आमच्या टायपिस्ट बाईंकडे जातं. त्या तिघांची उत्तरं एकाच ठशात टाइप करतात. नाव, पक्ष, चिन्ह, फोटो, 'माझ्या कारकिर्दीत' असली वाक्यं, सगळं काढून टाकतात आणि वर क, ख, ग लिहितात. मग ते कागद वाचकांकडे जातात. एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक पाणीपुरवठ्यातले केमिस्ट आणि एक गृहस्थ, ज्यांचं कुठल्याच पक्षाशी पटत नाही. बाईंना या कामाचा इतका अभिमान आहे की त्या दिवशी कोणाशी बोलत नाहीत, न जाणो तोंडातून काही निसटेल.

माझं म्हणशील तर तिघांच्या सभा मी ऐकल्यात, त्यात गुपित काही नाही. वकीलसाहेब म्हणतात, दोन वर्षांत केंद्राला कुलूप लावू आणि डोंगरापलीकडून वीज विकत घेऊ. टाळ्या भरपूर पडतात. पलीकडेही कोळसाच जळतो, हे ते सांगत नाहीत आणि कोणी विचारत नाही. धूर आपल्या गच्चीवरून दुसऱ्याच्या गच्चीवर जाईल. राखेबद्दल विचारलं की ते 'पुढच्या टप्प्यात' म्हणतात.

डॉक्टरीणबाई घरांच्या छपरांवर सौर पॅनेल आणि कड्यावर पवनचक्क्या म्हणतात. ऊन आणि वारा नसेल त्या दिवशी केंद्र चालवायचं. म्हणजे चिमणी बंद होणार नाही, कमी होईल, आणि तेही सावकाश. खराब झालेली पॅनेलं कुठे टाकणार, या प्रश्नाला त्यांनी 'अजून माहीत नाही' असं उत्तर दिलं. प्रचारसभेत हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि तू. खोऱ्याच्या तोंडाशी धरण, रात्रंदिवस वीज, पाच वर्षांत चिमणी कायमची थंड. राखेच्या विटा. उन्हाळ्यात खालच्या नदीचं पाणी घटेल हे तू स्वतःच सांगतोस, मासेमारांसमोर उभं राहून सांगतोस. मी मागच्या रांगेत होते. तू चांगला बोलतोस. पाणी वरच्या कुरणात साठेल, तिथे चाऱ्याशिवाय काही नाही, असं म्हणालास तेव्हा लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आईने तुझं पोस्टर फाटकाला लावलंय. चार कोपऱ्यांना चार खिळे. तिच्या घरासमोरून दिवसाकाठी दूधवाल्याची गाडी आणि शेजाऱ्याच्या मेंढ्या जातात, तेव्हा प्रचार कोणाचा चाललाय देव जाणे. फोनवर मला म्हणाली, डोळे अगदी बाबांचे आलेत.

धाकटी


१९ सप्टेंबर

दादा,

आज तिन्ही पाकिटं फाइल करायला माझ्याकडे आली. गुण लागले आहेत. ते सांगता येत नाहीत. तुला झोप लागायला हरकत नाही, एवढंच म्हणते.

तुझ्या पाकिटात नकाशा होता. मोठा, घडी घातलेला, कोपऱ्यात तुझं नाव आणि पक्षाचं चिन्ह. बाईंनी चिन्ह बघितलं आणि सरळ बाजूला ठेवला. शाईने खोडलं असतं तरी नकाशाच्या रंगावरून पक्ष ओळखू आला असता, म्हणाल्या. त्यांचं बरोबरच आहे. इतकी वर्षं त्या हेच करतात. म्हणून वाचकांनी तुझी योजना वाचली ती नकाशाशिवाय, आणि त्यांच्यासमोर होतं ते फक्त कुरण.

मी नकाशा टेबलावर पसरला. पाण्याची निळी रेषा कुरणातून खाली येते, जुन्या पुलाला वळसा घालते आणि चौदा घरांच्या वरून जाते. घरं चौकोनांनी दाखवली आहेत, नावं नाहीत. दहावा चौकोन पुलापासून जरा बाजूला, उतारावर, दोन झाडांच्या मधे आहे. ती झाडं तू लावलीस. घर तू बांधलंस. बाबा गेल्यावर आईला चिमणीपासून लांब न्यायचं म्हणून तू नोकरी सोडलीस, जागा शोधलीस आणि छपरावर स्वतः चढलास.

तू हे लपवलेलं नाहीस, याची मी नोंद घेते. नकाशा आम्ही मागितला नसताना तू पाठवलास. सभेत कुरण आणि कचेरीत नकाशा. त्यावर मी दुपारभर विचार केला आणि माझ्या मते तू तो पाठवलास कारण पाकीट शेवटी माझ्या हातात येणार हे तुला माहीत होतं. आईला सांगायचं काम तू माझ्या गळ्यात टाकलंस.

ते मला करता येणार नाही. तक्त्यातली कुठलीही गोष्ट छापून येण्याआधी बाहेर जात नाही, घरीसुद्धा नाही. तूच कधीतरी म्हणायचास की माझ्याकडे हृदयाच्या जागी नियमावली आहे. तर आता ती उघडून बघ.

संपादकांना मी नकाशा दाखवला. ते म्हणाले, एकदा वाचलेलं पुन्हा वाचायला देता येत नाही, मग ते नावं झाकून वाचणं राहत नाही. पण फक्त तुझाच नकाशा छापणंही बरं नाही, बाकीच्या दोघांनी नकाशे दिलेलेच नाहीत. म्हणून तिघांनाही आणखी एक प्रश्न जाईल. त्याला गुण नाहीत, उत्तर जसंच्या तसं छापायचं. सोबत छापील कागद आहे. तरी इथे लिहिते, म्हणजे तू तो सचिवाकडे सरकवणार नाहीस:

'आपल्या योजनेमुळे कोणाला राहते घर सोडावे लागेल? ती घरे कोणती?'

पान २७ तारखेला संध्याकाळी बंद होतं. २८ला सकाळी अंक निघतो. तिला अंकातून कळू नये असं वाटत असेल तर वर जाऊन ये. गाडीने तासाभराचा रस्ता आहे.

धाकटी


२२ सप्टेंबर

दादा,

काल रविवार, आईकडे गेले होते. तू येऊन गेला असशील अशी आशा होती. नव्हतास.

तिचं ठीक चाललंय. गुडघा दुखतो पण कबूल करत नाही. मागच्या अंगणात मधाच्या पेट्या ठेवल्यात, आणि मधमाश्यांशी ती आपल्या दोघांपेक्षा जास्त बोलते. मला म्हणाली, त्या निदान ऐकून तरी घेतात. खिडकी उघडली की इथे काहीच आत येत नाही, ना काळी भुकटी ना वास. ती अजूनही सवयीने खिडकीचा कठडा बोटाने पुसून बोट बघते. बोट स्वच्छ असतं. दर वेळी तिला त्याचं नवल वाटतं.

घराच्या मागच्या खडकावर लाल रंगाची आडवी रेघ आहे. छपरापेक्षा चांगली वर. मी विचारलं हे काय. ती म्हणाली, सर्व्हेवाली पोरं आली होती, चहा पिऊन गेली, असेल रस्त्याचं काहीतरी. आणि पेट्यांकडे वळली. मला रेघ कसली ते माहीत होतं. मी चहा प्यायले आणि मध घेऊन परत आले. नियम पाळला. परतीच्या गाडीत मला स्वतःचा इतका राग आला की एक थांबा पुढे जाऊन उतरले.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू मला जे म्हणालास ते मी विसरलेले नाही. बाबा आत ऑक्सिजनवर होते. बाकावर त्या दिवशीचा आमचा अंक पडला होता आणि त्यात माझा तक्ता होता. केंद्र वाढवू म्हणणाऱ्यालाही तेवढाच रकाना, तेवढाच ठसा. तू म्हणालास, "तुझा तक्ता सगळ्यांना सारखं वागवतो. धुरालासुद्धा." मग आपण बोललो ते तिसऱ्या दिवशी, आणि तेही लाकडं किती लागतील याबद्दल.

तो तक्ता चुकीचा होता असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण तू का उभा राहिलास ते मला समजतं. तुला ती चिमणी थंड झालेली बघायचीय. मलाही बघायचीय. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण माझ्या कामात ते सांगायची जागा नाही आणि कामाबाहेर आपण भेटत नाही.

तुझी योजना वाईट नाही, दादा. धुराच्या रकान्यात ती सगळ्यांत चांगली आहे, हे कोणीही सांगेल. म्हणून तर हे अवघड आहे. वाईट योजना असती तर मी मजेत पान लावलं असतं.

फक्त तिला सांग. पोस्टरवरच्या डोळ्यांनी नको, खऱ्या तोंडाने.

धाकटी


२६ सप्टेंबर

दादा,

बाकी दोघांची उत्तरं आली. तुझं नाही.

तुझ्या सचिवाचा फोन आला होता. प्रश्न सहावा असल्यामुळे तो बंधनकारक आहे का, असं विचारत होता. मी म्हटलं, बंधनकारक पहिलाही नव्हता. मग म्हणाला, चौदा कुटुंबांना उत्तम पुनर्वसन मिळेल, असं लिहून घ्या. मी म्हटलं, फोनवर घेत नाही. त्याला माझा आवाज कोरडा वाटला असणार. तसा तो होताच.

पान जवळजवळ लागलंय. तीन रकाने, तुझा शेवटचा, कारण चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तसंच आलं. तुझ्या रकान्यात वरची पाच उत्तरं भरगच्च आहेत आणि खाली 'उत्तर आले नाही' असं आत्तापुरतं टाकून ठेवलंय. तीन शब्द. जुळवणारा म्हणाला, जागा फार मोकळी दिसते, तिथे एखादी जाहिरात घ्यायची का?

मला एक दिसतं ते सांगते. उद्या रात्रीपर्यंत तू गप्प राहिलास तर तुझं फारसं काही बिघडणार नाही. लोक गुण बघतात, खालची ओळ कोण वाचतं. पण आई वाचते. ती आमचा अंक पहिल्या पानापासून छापणाऱ्याच्या नावापर्यंत वाचते. कोरा रकाना बघून ती मला फोन करेल आणि विचारेल, का गं, तो का नाही बोलला? त्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. मग मात्र सगळे नियम संपले असतील, पण तरीही ते उत्तर तुझं आहे.

रागावलेय. नीट वाचलंस तर कळेल.

धाकटी


२९ सप्टेंबर

दादा,

परवा संध्याकाळी पान बंद व्हायच्या जरा आधी तुझा माणूस धापा टाकत आला. कागद दुमडलेला, अक्षर तुझं, सचिवाचं नाही. मी जसंच्या तसं लावलं:

'चौदा घरे. त्यातले एक माझ्या आईचे. तिला मी अजून सांगू शकलेलो नाही.'

संपादकांनी वाचलं आणि तिसरं वाक्य ठेवायचंच का, असं विचारलं. माझ्यासाठी विचारलं, हे मला कळलं. मी म्हटलं, जसंच्या तसं म्हणजे जसंच्या तसं. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

आता गुण सांगायला हरकत नाही, तू अंकात बघितलेच असशील. तुझी योजना पहिली आली, डॉक्टरीणबाईंची थोडक्यात दुसरी. तुझ्या गुणांखाली आम्ही एक ओळ घातलीय की वाचकांना नकाशा दिला गेला नव्हता आणि चूक आमची आहे. टायपिस्ट बाई रडल्या. मी त्यांना सांगितलं की चूक पद्धतीची आहे. पुढच्या वेळी नकाशा पुन्हा काढून घेऊ, कोऱ्या कागदावर.

छापखान्यातून पहिला गठ्ठा निघाला तशी मी त्यातला एक अंक उचलला आणि वर जाणाऱ्या अंकांच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले. छापून झालं होतं. नियम संपला होता.

आई उठलेली होती. मला एवढ्या सकाळी बघून ती दचकली नाही. अंक घेतला, चष्मा शोधला, पायरीवर बसली. मी म्हटलं, शेवटचा रकाना. तिने ऐकलं नाही. पहिल्यापासून वाचायला लागली. वकीलसाहेबांनी सहाव्या प्रश्नाला 'कोणालाही नाही' असं लिहिलंय. त्याखाली, आणि तुझ्याही उत्तराखाली, आम्ही टीप दिलीय की केंद्र बंद झालं तर करारानुसार कामगारांची वसाहत रिकामी करावी लागते. आई त्या वसाहतीत तीस वर्षं राहिली. ती नुसती हसली.

मग मधला रकाना. डॉक्टरीणबाईंचं उत्तर तिने बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "कड्यावरची दोन घरे. दोघांना जाऊन विचारले. एक हो म्हणाले. दुसरे नाही म्हणाले, म्हणून त्या बाजूची पवनचक्की सरकवली." ते तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं तिला पुढचं वाचायचंच नाही.

मग तुझा. तिने तिन्ही वाक्यं मनात वाचली, अंकाची घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

तू गुरुवारी तिच्याकडे येऊन गेलास, हे मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं की तू गेलाच नाहीस. ती म्हणाली, आला, जेवला, फाटकाचं बिजागर घट्ट केलं, छपरावर चढून पाण्याची टाकी धुतली आणि गेला. आणि म्हणाली, "टाकी धुवायला चढला तेव्हाच म्हटलं, याच्या पोटात काहीतरी आहे. बाबांच्या छातीचा फोटो आला त्या दिवशीही त्याने टाकीच धुतली होती."

रेघ कसली ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सर्व्हेवाल्या पोरांनी चहा पिता पिता सगळं सांगितलं, ती तुझी आई आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला तिने रस्त्याचं सांगितलं, कारण मीही काही बोलत नव्हते. मी विचारलं, मग पोस्टर कशाला लावलंस? ती म्हणाली, पोरगा उभा राहिलाय, पोस्टर नको लावू?

मी तुझी बाजू मांडायला लागले, दादा. तुला खरं वाटणार नाही. धूर किती कमी होईल, चिमणी कधी थंड होईल, सगळे आकडे मला पाठ आहेत. तिने हात वर करून मला थांबवलं.

"मला कळतं गं ते. तुझे बाबा गेले तेव्हा घर होतंच की डोक्यावर. घराने काय केलं?" मग म्हणाली, "पण त्याने सांगितलं नाही म्हणून तू रागावलीस, आणि सांगायचं कसं म्हणून तो टाकी धूत बसला. विचारायचं कोणालाच सुचलं नाही. ती डॉक्टरीण कोण कुठली, ती कडा चढून गेली. माझी दोन पोरं, आणि मला कोणी विचारलं नाही."

हे तिने चिडून सांगितलं नाही. चिडली असती तर सोपं गेलं असतं. नकाशा बघितल्यापासून मी तुला तीन पत्रं लिहिली आणि प्रत्येकात फिरून 'तिला सांग' एवढंच म्हटलं. एकातही 'तिला विचार' असं लिहिलेलं नाही. मी प्रश्न विचारायची नोकरी करते.

मत कोणाला देणार ते ती सांगत नाही. ते मतपेटीत कळेल म्हणते, आणि तिथेही कोणाला कळत नाही हे चांगलं आहे म्हणते. मी माझंही तुला सांगणार नाही. खरं तर मला अजून ठरवता आलेलं नाही. तीन रकाने मी स्वतः लावले, तरी.

तिचा निरोप आहे. रविवारी ये. तिघं बसू. टाकीला हात लावायचा नाही, ती आता स्वच्छ आहे. आधी विचारायचं, मग ती काय म्हणेल ते ऐकायचं, आणि ती नाही म्हणाली तर रेघ सरकते का ते बघायचं. सरकत नसेल तर तेही तोंडावर सांगायचं. मी येतेय. वही आणणार नाही.

निघताना फाटकाशी आले तर पोस्टर नव्हतं, येताना अंधारात लक्षात आलं नव्हतं. चार भोकं तेवढी होती. मला वाटलं, संपलं. काढून टाकलं तिने. मागे वळून बघितलं तर ती कमरेवर हात ठेवून हसत होती, आणि खडकाकडे बोट दाखवत होती. गुरुवारी तू गेल्यावर तिने शेजाऱ्याला शिडी आणायला लावली होती. तुझं पोस्टर लाल रेघेच्या हातभर वर लावलेलं होतं. म्हणाली, पाणी आलंच तर भिजायला नको.

फूटपट्टी